मी दिलेलं आवतण

एका तांबड्या बैलाची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले आहे. शाळेतल्या पोरांना सांगितली, स्वतःच्या पोरांना सांगितली, एकदा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या रडक्या मुलालाही सांगितली. गोष्ट छापलेली होती, माझी नाही. नागपूरच्या मामांनी आणलेलं पातळसं पुस्तक होतं ते. वरचं पान आमच्याकडे येण्याआधीच गेलेलं, त्यामुळे लिहिणारं कोण हे मला कधी कळलं नाही. नागपूरच्या पलीकडे, राज्याची हद्द ओलांडून असलेल्या आमच्या मुलखात शाळा हिंदीत आणि घर मराठीत. घरात जे बोलतो ते पुस्तकातही असू शकतं, हे मला त्या पुस्तकानं पहिल्यांदा दाखवलं. चुलीजवळ बसून मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा आई लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "हे त आपल्या घरचंच सांगून राहिली तू."

गोष्ट अशी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. कोमट पाण्यानं धुतात, हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले ते खांदे जरा मऊ करतात, आणि मग धनी बैलाजवळ जाऊन म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे ज्यांच्या गोठ्यात अजून बैल आहेत त्यांच्या घरी हे आजही म्हटलं जातं. गोष्टीतल्या धन्यानंही म्हटलं. पण त्याच संध्याकाळी दूरगावचा एक व्यापारी आला, सौदा जमला, आणि पहाटे तो तांबड्याला घेऊन गेला. तांबड्याला सौदा कळला नव्हता, आवतण कळलं होतं. नव्या धन्यानं ओवाळून पुरणपोळी पुढं ठेवली तरी तो तोंड लावीना. एका घरचं आवतण घेतलेलं असताना दुसऱ्या घरी जेवायचं कसं? त्यानं दावं तोडलं आणि चालू लागला. वाटेत बकरी भेटली, कावळा भेटला, म्हैस भेटली. म्हैस म्हणाली, "अरे वेड्या, माणसं बोलतातच. बोलायला त्यांना काय लागतं?" तांबडा म्हणाला, "खांद्याला हळद लावून बोलले ते." नदी पोहून, चिखल तुडवून, दिवेलागणीला तो जुन्या दारात येऊन उभा राहिला. घरात सगळ्यांची जेवणं झाली होती, भांडी घासून पालथी घातली होती. धनीण कंदील घेऊन बाहेर आली, तिनं त्याला पाहिलं, आत गेली आणि चूल पुन्हा पेटवली. गोष्ट तिथंच संपते.

लहानपणी माझा सगळा जीव त्या पुन्हा पेटलेल्या चुलीत होता. मोठेपणी मला कळलं की ही गोष्ट मी चांगली सांगते. कुठं थांबायचं, म्हशीचा आवाज किती जाड काढायचा, धनीण कंदील वर धरते तेव्हा आपला हात किती वर न्यायचा, हे सगळं मला जमतं. वर्गात ती मी हिंदीत सांगते, तरी पोरं श्वास रोखून बसतात. आपल्याला एखादी गोष्ट जमते हे माणसाला फार चांगलं माहीत असू नये. पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

सौसरला आमचा वाचणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. रविवारी दुपारी वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर आम्ही जमतो. आम्ही दोघी शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दुकानदार आणि त्याची बायको, आणि बोरगावचे एक काकाजी. मराठी पुस्तकं इथं सहजासहजी विकत मिळत नाहीत. कोणी नागपूरला गेलं की घेऊन येतं, आणि मग ते पुस्तक फाटेपर्यंत सगळ्यांच्या घरी फिरतं. वाचलेल्यावर बोलायचं, चहा प्यायचा, थोडं भांडायचं आणि घरी जायचं. भांडणात बहुधा मी असते.

काकाजी सत्तरीचे. संत्र्याचा बगीचा आहे, तो चांगला चालतो. मुलगा आणि सून पुण्याला, आणि काकू वारल्याला फार दिवस झालेले नव्हते. ते लूनावर येतात, डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि बसतात. नेलेलं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणतात. पुस्तक कसं वाटलं असं विचारलं की "बरं हाये" म्हणतात. आवडलं असलं तरी बरं हाये आणि नसलं तरी बरं हाये. मी त्यांची यावरून गंमत करायची आणि ते हसायचे. मला ते आवडायचे, आणि आता विचार करते तेव्हा वाटतं, ते मी बोलत असताना एकटक ऐकायचे म्हणूनच बहुतेक आवडायचे.

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी नेमका रविवार होता. लहानपणी ऐकलेली किंवा वाचलेली आणि अजून सोबत राहिलेली एक गोष्ट प्रत्येकानं सांगायची, असं ठरलं होतं. सुचवणारी मीच. माझी पाळी शेवटी ठेवणारीही मीच, कारण शेवटचं जे ऐकतात ते लोक घरी घेऊन जातात. बाकीचे सांगत होते तेव्हा मी मनातल्या मनात माझी सुरुवात घोळवत होते. माझ्या आधी काकाजी होते. ते म्हणाले, लहानपणी त्यांच्या घरी पुस्तक नव्हतं, बैल होते. मग बैलांचंच काहीतरी सांगत होते, कोणता बैल कसा होता, शेवटची जोडी कशी होती, आता वखरण ट्रॅक्टरनं होतं म्हणून ती या साली देऊन टाकली. मी ऐकलं म्हणजे आवाज कानावर आला. लक्ष माझ्या पहिल्या वाक्यात होतं.

आणि मग मी, नुकतीच आपली जोडी दिलेल्या माणसाच्या समोर बसून, विकलेल्या बैलाची गोष्ट रंगवून सांगितली. म्हशीचा आवाज काढला. कंदील धरला. शेवटी दुकानदाराच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. बँकवाले गृहस्थ, जे माझ्या कुठल्याच मताशी सहमत होत नाहीत, तेही "वा" म्हणाले. मी अगदी हवेत होते.

काकाजी टोपी हातात फिरवत होते. ते म्हणाले, "त्या धन्यानं आवतनच द्याले नाही पायजे होतं. देल्लं त मंग इकाले नाही पायजे होतं. मी आमच्या जोडीले या साली आवतन देल्लंच नाही. त्याच्या आंधीच देऊन टाकली."

सगळे गप्प झाले. त्या वेळी कोणीही भल्या माणसानं त्यांना विचारलं असतं, की काकाजी, मग उद्या तुमच्याकडे कसं? एकटेच आहात का? मी ती शांतता माझ्या गोष्टीला मिळालेली दाद समजले. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "चला, उद्या सगळे आमच्याकडे जेवायला या. पुरणपोळी. मी आवतण देते आहे." नुसतं म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण मी एकेकाजवळ जाऊन हळद लावल्यासारखा खांद्याला हात लावत गेले. सगळे हसत होते. "हो हो, येतो ना" असं म्हणत होते. काकाजींच्या खांद्यालाही मी हात लावला. त्यांनी विचारलं, "किती वाजता येऊ जी, बाई?"

"कधीही या," मी म्हटलं. "घर आहे तुमचं."

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी जेवायला जात नाही. प्रत्येकाच्या घरी पुरण शिजलेलं असतं, प्रत्येकाला आपापला पोळा असतो. त्यामुळे त्या दिवसाचं आमंत्रण सगळ्या गावाला द्यावं, येणार कोणीच नसतं, आणि देणाऱ्याच्या मोठ्या मनाचं कौतुक मात्र होतं. मी हे त्या वेळी ठरवून केलं असं नाही. पण मला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक नसतं तर मी माणसं मोजून, घरी विचारून, मगच तोंड उघडलं असतं. ज्याच्या घरी या साली पुरण शिजणार नव्हतं असा एकच माणूस त्या माडीवर होता, आणि त्यानं वेळ विचारली होती.

आमच्या घरीही पुरण शिजणार नव्हतंच. सासूबाई काही दिवस पांढुर्ण्याला माझ्या नणंदेकडे राहायला गेल्या होत्या. पोळ्याचं जेवण तिच्याकडे करायचं आणि संध्याकाळी सासूबाईंना घेऊन परत यायचं, असं आधीच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे तिथली दगडफेकीची जत्रा, आणि त्या दिवशी पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागायचं नाही हा आमच्या घरचा नियम. हे सगळं रविवारी माडीवर उभी असतानाही मला माहीत होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी नवऱ्यानं गाडी बाहेर काढली. मी नवी साडी नेसून दाराला कडी घालत होते. कुलूप हातात होतं. तेवढ्यात कोपऱ्यावर लूनाचा आवाज आला.

काकाजींनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं, सदऱ्याची इस्त्री अजून मोडलेली नव्हती. लूनाच्या मागे पिशवी बांधलेली, तिच्यातून कोवळ्या काकड्या आणि दोडके दिसत होते. माझ्या तोंडून सवयीनं "या काकाजी" निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, सुरू असलेल्या गाडीकडे पाहिलं. "कुठं चालले का जी, बाई?"

मी काय काय करू शकले असते ते मला नंतर सुचलं, आणि अजूनही सुचत असतं. "विसरले हो काकाजी" म्हणता आलं असतं. दार उघडून कुकर लावता आला असता, पांढुर्ण्याला उशीर झाला असता तर झाला असता. सगळ्यांत सोपं म्हणजे गाडीची मागची सीट पूर्ण रिकामी होती, आणि नणंद सणाला रांधते तेव्हा आणखी चार जण जेवतील एवढं रांधते. यातलं एकही त्या वेळी मनात आलं नाही. मनात एवढंच आलं, की काल सगळ्यांसमोर मिरवलेली मी आज यांच्यासमोर खोटी ठरणार. आणि ते टाळायला मी खोटं बोलले.

"काकाजी, सकाळीच फोन आला. आईंची तब्येत एकदम बिघडली. पांढुर्ण्याला आहेत त्या. बघा ना, सणाच्या दिवशी." हे मी चाचरत बोलले नाही. आवाज योग्य तिथं खाली गेला, "सणाच्या दिवशी"पाशी थोडी थांबलेसुद्धा. मी गोष्ट चांगली सांगते.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "अरे अरे. मी येऊ का संगं? दवाखान्यात मानूस लागते."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास."

"मंग थांबू नोका. निघा तुमी, निघा." त्यांनी पिशवी सोडून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, तिकडं कामी येईल म्हणाले. गाडी बाहेर पडल्यावर आमचं फाटक त्यांनीच ओढून घेतलं. मी काचेतून पाहिलं, ते कडी नीट बसली का ते हलवून बघत होते.

गाव मागे पडल्यावर नवऱ्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "हे काय होतं?"

"मग काय सांगायचं होतं?" मी त्याच्यावरच खेकसले. मला राग आला होता. नवऱ्याचा, काकाजींचा, रविवारला लागून आलेल्या पोळ्याचा. चुकलेल्या माणसाला येतो तसला तो राग होता, आणि तो पांढुर्णा येईपर्यंत मी जपून ठेवला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या, हाताला पीठ. सकाळपासून त्यांनीच पोळ्या लाटल्या होत्या आणि नणंदेला तव्याजवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं. मी पोटभर जेवले, हेही सांगायला हवं. वरून तूप मागून घेतलं. नणंदेनं काकड्यांची कोशिंबीर केली होती. "किती कोवळ्या आहेत, कुठून आणल्या?" असं तिनं विचारलं. एकांनी दिल्या म्हणून सांगितलं. नवऱ्यानं कोशिंबिरीला हात लावला नाही.

चार वाजता निघालो. जामसांवलीचा फाटा आला तशा सासूबाई म्हणाल्या, मारुतीचं दर्शन घेऊन जाऊ. मी म्हटलं गर्दी असेल, उशीर होईल, पाऊसही येईल. माझ्या सासूबाई माझं ऐकत नाहीत, तर मारुतीच्या बाबतीत कुठून ऐकणार. नवरा गाडी लावायला गेला आणि मी त्यांचा हात धरून देवळाकडे चालू लागले. आमच्या भागात घरात कोणी आजारी पडलं की लोक आधी इथं येतात, कोणी आजाऱ्याला घेऊन, कोणी त्याच्या नावानं. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी पायऱ्यांच्या बाजूला बसलेले काकाजी दिसेपर्यंत ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्या कपाळाला शेंदूर होता आणि मांडीवर टोपीत फोडलेल्या नारळाचे तुकडे. आम्हाला पाहून ते लगबगीनं उठले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताला धरून खणखणीत चालत आलेल्या म्हातारीकडे. त्यांना एवढा आनंद झाला, की तो मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकत नाही.

"ह्याच का माय? फिरून राहिल्या तुमी! चांगलं झालं बापा. आता कसं वाटते?"

"मले काय धाड भरली?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून पोळ्या लाटून राहिली मी. तुमी कोन?"

काकाजी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. बसमधून उतरल्यावर हेच आपलं गाव का, असं माणूस क्षणभर बघतो, तसं पाहिलं आणि नजर खाली घेतली. आता हे विचारणार, आता सासूबाईंना कळणार, सुनेनं आपल्याला आजारी पाडलं, तेही पोळ्याच्या दिवशी, एका माणसाला जेवू घालायला नको म्हणून. मी सासूबाईंचा हात धरून पायऱ्यांकडे बघायला लागले. एवढी बोलणारी मी.

"मी बोरगावचा, माय," काकाजी म्हणाले. "बाईच्या संगं पुस्तकं वाचतो. तुमच्या नावानं नारळ फोडला आज."

"माझ्या नावानं? काहून?"

"घरात म्हातारं मानूस असलं म्हंजे बरं असते. सनाचा दिवस हाये, म्हनलं फोडावं."

सासूबाई खूश झाल्या. त्यांनी हात पुढं केला, काकाजींनी खोबऱ्याचा तुकडा त्यांना दिला, दुसरा मला दिला. मी तो तोंडात टाकला आणि चावत राहिले. मग सासूबाईंनी ते विचारलं जे त्या दारात आलेल्या भिकाऱ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना विचारतात.

"जेवले का तुमी?"

"हाव," काकाजी म्हणाले. "बाईकडंच जेवलो. बाईनं आवतन देल्लं होतं."

"पुरनाचं?"

"पुरनाचंच. पोटभर."

त्यांचे ओठ सुकलेले होते. संध्याकाळची आरती घेऊन जातो, असं म्हणून ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. मी सासूबाईंना घेऊन वर गेले, हात जोडले. देवाला काय म्हणायचं ते मला कळेना.

परतीच्या वाटेवर सासूबाईंचं तोंड थांबेना. घरी सकाळी उठून पुरणाचा स्वयंपाक केलास, परक्या माणसाला जेवू घातलंस, आणि वर आम्हाला शब्दानं सांगितलं नाहीस. पोरी, तुझी जीभ तिखट आहे पण मन मोठं आहे. त्यांनी लगेच नणंदेला फोन लावला आणि हे सगळं तिलाही ऐकवलं. लग्न झाल्यापासून माझं इतकं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं. नवरा रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मी दोनदा तोंड उघडलं, "आई, तसं नाही" म्हणायला. दोन्ही वेळा मिटलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मी नुसतं वाचलं होतं. ते मागच्या सीटवर बसून, तोंडात खोबऱ्याची चव असताना, आपली स्तुती ऐकूनही होतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि डाळ शिजायला टाकली. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "आज अजून पुरन?"

"काकाजींना नेऊन देते. आवडल्या होत्या त्यांना." आणखी एक खोटं. आता ती आपोआप येत होती.

"मंग मीच वाटतो पुरन," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या. वेलची जास्त टाकली, जायफळ स्वतः उगाळलं. एकटा माणूस आहे, दोन दिवस पुरतील एवढ्या दे, असं म्हणत त्यांनी डब्यात पोळ्या रचल्या आणि प्रत्येकीवर तूप सोडलं.

मी स्कूटीवरून बोरगावला गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते, आधी कबुली, मग कारण, मग माफी. माझी जित्याची खोड. बगीच्याच्या कडेला त्यांचं घर. गोठा झाडून स्वच्छ ठेवलेला होता आणि त्यात कोणी नव्हतं. काकाजी अंगणात बाजेवर बसून आमच्या गटातलं पुस्तक वाचत होते. मला पाहून त्यांनी पुस्तकात खूण घातली, खुर्ची आणली, आणि नको नको म्हणत असताना आत जाऊन चहा ठेवला. कप धुतल्याचा आवाज येत होता. मी डबा बाजेवर ठेवला आणि बसून राहिले.

ते चहा घेऊन आले तेव्हा जुळवलेलं सगळं गेलं. "काकाजी, आईंना काही झालेलं नव्हतं," एवढंच आलं.

"हाव. ते समजलं."

"मी विसरले होते. तुम्ही खरंच याल असं मला वाटलं नव्हतं." हे कारण म्हणून सांगायला गेले, आणि ऐकताना माझं मलाच कळलं, की हे खोट्यापेक्षाही वाईट आहे.

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "मले बी तसंच वाटलं होतं निघताना," ते म्हणाले. "का बाई गमतीनं बोलल्या असन. लूना काढली, अजून आत ठेवली. मंग म्हनलं, नाही गेलो त बाई ताट वाढून वाट पाहत बसन."

मी रडले. त्यांच्यासमोर रडायचा मला काही हक्क नव्हता, तरी रडले. त्यांनी मला रडू दिलं, चहा संपवला. मी डबा पुढं सरकवला. "हे तरी घ्या, काकाजी. आज केल्या आहेत. तुमच्यासाठी."

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला. "चांगल्या झाल्या," म्हणाले. मग झाकण घट्ट लावलं. "माईले मी जेवलो म्हनून सांगितलं, बाई. देवाच्या दारात सांगितलं. आता ते तसंच राहू द्या."

मी पुन्हा म्हणून पाहिलं. त्यांनी मान हलवली, रागानं नाही, पण पुन्हा विचारू नये अशी. तूप सांडू नये म्हणून डबा माझ्या पिशवीत सरळ उभा ठेवला, कडेला चुरगळलेला कागद लावला. "रविवारी येतो ना मी," ते म्हणाले. "पुस्तक होते तवरिक वाचून." फाटकापर्यंत सोडायला आले. रविवारी ते आले नसते, गटात येणं सोडलं असतं, लोकांना सांगितलं असतं, तर मला कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं असतं. यातलं त्यांनी काहीच केलं नाही. पुढच्या रविवारी आले, टोपी मांडीवर ठेवून बसले, आणि मी बोलत असताना पूर्वीसारखंच एकटक ऐकत राहिले. त्या दिवशी मी फार बोलले नाही.

पण ते नंतरचं. बोरगावहून मी घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवरच बसल्या होत्या. माझी वाट बघत असाव्यात.

"खाल्ल्या का त्यायनं? काय म्हनले?"

"चांगल्या झाल्या म्हणाले," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा फुलला. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि माझ्याकडे हात पुढं केला. "आन तो डबा," म्हणाल्या, "घासून टाकू दे." मी दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिले.